नाताळचं ताट

परवा आमच्या गावच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. ताटात करंज्या, शंकरपाळी, चकल्या, रव्याचे लाडू आणि मागे टांगलेली कागदी चांदणी. खाली एकाने लिहिलं, "दिवाळी होऊन गेली की, हे काय आता?" दुसरा म्हणाला, "आपला फराळ उचलला ह्यांनी." मग हसण्याच्या इमोजींची रांग. मी तिथे काही बोललो नाही. ग्रुपवर वाद घालून कुणाचं भलं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. इथे लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तर उचलला वगैरे काही नाही. आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण जिभेवर नगरच येतं) अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. 'ज्ञानोदय' १८४२ ला निघालं ते नगरातूनच. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणूस इथे पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ आहे, आणि तो कुठून बोटीतून उतरला नव्हता, याच मातीतला होता. प्रार्थना बदलली म्हणून घरातली परात, कातणं आणि सारणाचं प्रमाण का बदलेल? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, पण भजनं लिहिली ती अभंगाच्या वळणाची. देवळातल्या गाण्याचं जे झालं तेच चुलीवर झालं.

गोव्यातही हेच दिसतं. चतुर्थीची नेवरी आणि नाताळची नेवरी या सख्ख्या बहिणी. तिथे नाताळात शेजाऱ्यांकडे गोडाधोडाचं ताट पाठवतात, त्याला कोंसुआद म्हणतात. शब्द पोर्तुगीज आहे. पोर्तुगालात त्याचा अर्थ नाताळच्या आदल्या रात्रीचं घरचं जेवण. गोव्यात आला आणि शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

मला विचाराल तर प्रश्न वेगळाच आहे. ही करंजी शेजारी खायचे का?

आपल्याकडचे बहुतेक ख्रिस्ती पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजातले. धर्म बदलला तरी गाव जात विसरलं नाही. १८६८ ला पुण्यात जोतीराव फुल्यांनी स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. पाण्याची ही गत, तर शिजवलेल्या अन्नाचं काय विचारता! लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचा. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्यांचं सोवळं कसं एकेक पदर करत सुटत गेलं, ते त्यांनी स्वतःवर हसत सांगितलंय. (आणि गंमत बघा, गाव जात विसरत नाही, पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातीत बसत नाही. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.)

आता आमच्या घरचं सांगतो. आम्ही वरच्या म्हणवणाऱ्या जातीतले. तीन घरं सोडून मिशनच्या शाळेतल्या एक बाई राहायच्या. दर पंचवीस डिसेंबरला त्यांच्याकडून ताट यायचं, वर क्रोशाचा रुमाल. साट्याच्या करंज्या अशा, की पदर मोजून घ्यावेत. आजी ताट हसून घ्यायची, बाईंना "बसा" म्हणायची, पण ओट्यावरच. रिकामं ताट परत द्यायचं नाही म्हणून त्यात साखर घालून द्यायची. बाई वळल्या की करंज्या म्हशीच्या आंबोणात. मी तेव्हा चौथीत होतो. मला जात-बित कळत नव्हती, म्हशीचा हेवा मात्र वाटायचा.

आणि याच आजीला बाईंनी आणलेली सफरचंदं चालायची. बेकरीचा केकही चालायचा, बेकरीत तो कुणाच्या हाताने मळला हे तिने कधी विचारलं नाही. विटाळ फक्त ओळखीच्या हाताचा!

मी दहावीत असताना भाद्रपदात आजोबा गेले. त्या दिवाळीला आमच्याकडे कढई चढली नाही. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी फराळ पोचवायचा असतो. चार घरांतून आला, तसे बाईंकडूनही दोन डबे आले. आईने आजीकडे पाहिलं. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोरांना द्या." स्वतः तिने शेवटपर्यंत खाल्ली नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण त्या वर्षापासून म्हशीचा वाटा बंद झाला.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून गावात आलो, बातम्या लिहायला लागलो, तेव्हा एकदा धीर करून बाईंना विचारलं, आमची आजी करंज्यांचं काय करायची, माहीत होतं का? बाई निवांतपणे म्हणाल्या, "माहीत होतं की. तुमच्या गड्यानेच सांगितलं होतं."

"मग पाठवायचात कशाला?"

"नाताळ माझा होता ना! कुणाला पाठवायचं ते मी ठरवणार."

बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. मुलगा-सून पुण्यात. हाताला कंप आहे, लाटणं धरवत नाही. गेली तीन वर्षं माझी बायको आणि गल्लीतल्या दोघी-तिघी त्यांच्याकडे करंज्या लाटायला जातात. बाई खुर्चीवर बसून मोहन कमी पडलंय, कडा नीट दाबा, पोळ्या ओल्या फडक्याखाली ठेवा, असं ओरडत असतात. शाळेत ओरडायच्या तशाच.

ताटं कुणाकुणाकडे जायची त्याची त्यांच्याकडे एक वही आहे, जुनी, दोनशे पानी. यंदा ताटं पोचवायचं काम माझ्या पोराकडे आहे, म्हणून काल वही आमच्याकडे आली. सत्तावीस घरं आहेत. तीन नावांवर रेघ मारलेली आहे, ती माणसं गाव सोडून गेली. आजीला जाऊन वीस वर्षं झाली, पण आमचं घर अजून तिच्याच नावावर आहे.