चितळकरांच्या गाण्यांतील परदेशी झोका



आपल्या नाशिकच्या घाटांवरून वाहणारी गोदामाई पुढें आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील पुणतांबें गांवाला जाते. त्याच गांवीं १९१८ सालीं रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. संगीतकार म्हणून जग त्यांना सी. रामचंद्र या नांवानें ओळखतें. गावयास उभे राहिले म्हणजे मात्र ते नुसते 'चितळकर' असत. १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटांतील 'शोला जो भडके' हें गाणें ऐकून ज्याची मान डोलली नाहीं असा श्रोता विरळाच. तरीहि माझ्या लहानपणीं वडीलधारी मंडळी म्हणत, "छान आहे, पण तें आपलें नव्हे." मग तें कोणाचें, याचा आज विचार करूं.

अमेरिकेंतील कृष्णवर्णीय वादकांनीं घडविलेलें व १९३५ नंतर बेनी गुडमनप्रभृतींनीं घरोघर पोंचविलेलें जें मोठ्या वाद्यवृंदाचें संगीत, त्याला 'स्विंग' म्हणजे झोका असें नांव आहे. नांव सार्थ आहे. चार मात्रांच्या सरळ चालींत प्रत्येक मात्रेचे दोन भाग करावयाचे, परंतु ते सारखे नव्हेत. पहिला लांबट, दुसरा आंखूड. त्यामुळें लय झोपाळ्याप्रमाणें हेलकावते. शिवाय ट्रंपेटादि पितळी वाद्यांनीं एक ओळ टाकावी आणि सॅक्सोफोन-क्लॅरिनेटांनीं तिला उत्तर द्यावें. बुवांनीं चरण म्हणावा व टाळकऱ्यांनीं तो उचलावा, ही रीत ज्याला परिचित आहे त्याला यांत परकें वाटण्याचें कारण नाहीं.

हा झोका मुंबईस आला तो १९३५ सालींच. लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा संच त्या वर्षीं ताजमहाल हॉटेलांत वाजूं लागला. तो कानीं पडतांच उचलला तो गोमंतकीय तरुणांनीं. चर्चला जोडलेल्या शाळांतून व्हायोलिन आणि पाश्चात्य स्वरलिपि ते बालपणींच शिकलेले असत. त्यांतलाच एक हळदोण्याचा अँटोनिओ झेवियर वाझ. 'चिक चॉकलेट' या नांवानें तो प्रसिद्धीस आला, आणि त्याच्या ट्रंपेटमुळें लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणूं लागले.

हाच चिक पुढें चितळकरांचा सहायक झाला. चितळकर गांधर्व महाविद्यालयांत विनायकबुवा पटवर्धनांपाशीं शिकलेले. त्या काळीं चित्रपटसंगीतांत सामान्यतः रीत अशी, कीं संगीतकारानें पेटीवर चाल सांगावी, आणि गोमंतकीय सहायकानें ती स्वरलिपींत उतरवून प्रत्येक वादकाच्या वांट्याचा कागद सिद्ध करावा. एकाची चाल, दुसऱ्याची मांडणी. दोन्ही मिळून गाणें. ध्वनिमुद्रिकेवर मात्र वादकाचें नांव क्वचितच छापलें जाई. 'अलबेला'च्या एका गाण्यांत चिक आपल्या संचासह पडद्यावर दिसतो, एवढें त्याचें भाग्य; पुष्कळांना तेंहि लाभलें नाहीं.

पुढें १९५२ सालीं बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. अभिजात संगीताविषयींची त्यांची कळकळ खरी होती; परंतु त्यांच्या धोरणानें चित्रपटगीतें आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालीं. श्रोत्यांनीं सुया फिरवून रेडिओ सिलोन गांठलें! अखेर १९५७ सालीं विविध भारती सुरू करून आकाशवाणीला तीं गाणीं परत बोलवावीं लागलीं.

आपलें-परकें ठरवितांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हार्मोनियमहि युरोपांतूनच आलेली. तिलाहि परकी ठरवून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनें दाराबाहेर ठेविलें होतें. पण आमच्या भजनांतून पेटी कोणी उठविली काय? पाहुणा घरांत रुळला, कामाला हात लावूं लागला, म्हणजे तो घरचाच होतो. ज्या चितळकरांनीं 'शोला जो भडके' बांधलें, त्यांनींच त्याच चित्रपटांत 'धीरे से आजा' ही अंगाईहि बांधली. झोपाळा आणि पाळणा दोन्ही एकाच घरांत हलले.

तेव्हां तें गाणें आपलेंच, असें मी निःशंकपणें म्हणतों. मात्र 'आपलें' म्हणतांना त्यांत पुणतांब्याच्या चितळकरांबरोबर हळदोण्याच्या वाझचा, आणि नांव न छापलेल्या त्याच्या सोबत्यांचाहि वांटा मोजावा. पुढच्या वेळीं तें ऐकाल तेव्हां शब्द क्षणभर बाजूला ठेवा, आणि मागें कोण वाजवितो आहे तिकडे कान द्या.