अनुभवमंटपाचे द्वार

दूधगंगेच्या काठी वसलेल्या सदलगा परिसरात मराठी व कानडी या दोन्ही भाषांतून शिवनाम घेतले जाते. येथील भाविकांच्या धर्मजीवनाचा एक मूलस्रोत म्हणजे बाराव्या शतकातील कल्याणचा अनुभवमंटप होय. त्याचे द्वार कोणाकोणास खुले होते, याचे स्मरण या उत्सवप्रसंगी उचित ठरेल.

महात्मा बसवेश्वरांच्या त्या शरणमंडळात तीसहून अधिक स्त्रियांनी वचने रचिली. उडुतडीची महादेवी गृहत्याग करून कल्याणास आली, तेव्हा अल्लमप्रभूंनी तिची कठोर परीक्षा घेतली, असे शून्यसंपादनेत वर्णिले आहे. परीक्षा वैराग्याची होती. ती सिद्ध होताच शरणांनी तिला ‘अक्क’, म्हणजे थोरली बहीण, मानिले. आयदक्की लक्कम्माने गरजेहून अधिक वेचून आणलेले तांदूळ पतीस परत टाकावयास लाविले. संकव्वा तर पूर्वाश्रमीची गणिका. तिचे एकच वचन उपलब्ध आहे आणि त्यातील ईश्वराचे नाव आहे ‘निर्लज्जेश्वर’. लोकांनी लादलेली लज्जा तिने ईश्वराच्या नावातच विसर्जित केली.

पुढे हे द्वार अरुंद झाले. लिंगायत परंपरेत स्त्री जगद्गुरुपदी बसण्यास १९७० साल उजाडावे लागले. त्या वर्षी धारवाडच्या अक्कमहादेवी अनुभवपीठावर माते महादेवी विराजमान झाल्या.

स्त्रियांसाठी द्वार असे पुन्हा उघडू लागले. परंतु स्त्री-पुरुष या विभागणीत न बसणाऱ्या भक्तांचे काय? याच बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आहे. तेथे पुरुषदेही जन्मून स्त्रीवेष धारण करणारे जोगते मस्तकी देवीचा जग घेऊन नाचतात. भाविक त्यांच्या पाया पडतात, परडीत जोगवा घालतात. मात्र यात्रा सरल्यावर त्याच जोगत्यास गावच्या पंक्तीत पान मिळेलच, अशी शाश्वती नसते. घर दुरावलेल्या, भिक्षेवर दिवस काढलेल्या मंजम्मा जोगती यांना २०२१ चा पद्मश्री सन्मान लाभला, हे खरे. पण सन्मान थोड्यांस लाभतो, पान सर्वांस हवे असते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. वास्तविक, आत्मा स्त्री नव्हे, पुरुष नव्हे, नपुंसकही नव्हे, हा सिद्धान्त श्वेताश्वतर उपनिषदात पूर्वीच मांडिलेला आहे. पाठशाळेत तो मुखोद्गत करविला जातो. दासोहाच्या पंक्तीत तो आचरिला जावा, एवढेच आता उरले आहे.