चव्हाट्यावरचे भांडण

घरचे भांडण चव्हाट्यावर आणू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. याला एक न बोललेली पुरवणीही आहे. भांडण चव्हाट्यावर आलेच, तरी ते घरचेच समजावे आणि बघणाऱ्याने आपल्या वाटेने जावे. आपल्या मंडळींची समजूत अशी की ही खास आपली रीत. अमेरिकेत मात्र ९११ फिरवला की पोलिस येतात आणि न्याय होतो. माझे शिक्षण इंजिनिअरिंगचे आणि पोट सॉफ्टवेअरवर. कायदा हा माझा प्रांत नव्हे. पण या विषयाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा दिसले की ही रीत इथेही तितकीच जुनी आहे.

१९७६ साली शॉटलँड आणि स्ट्रॉ या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक पुरुष एका बाईवर हल्ला करतो असे नाटक लोकांसमोर घडवले. बाई 'मी तुला ओळखत नाही' असे ओरडली, तेव्हा शंभरातले ६५ जण मध्ये पडले. 'तुझ्याशी लग्न का केले कोण जाणे' असे ओरडली, तेव्हा फक्त १९. मार तोच, बाई तीच. बदलले ते नाते.

पोलिसही याच लोकांतून आलेले. किरकोळ मारहाण स्वतःच्या डोळ्यांदेखत झाली नसेल, तर बहुतेक राज्यांत त्यांना वॉरंटशिवाय अटकही करता येत नसे. म्हणून दोघांना शांत करायचे, नवऱ्याला जरा फिरून ये म्हणायचे आणि निघायचे. १९६७ साली मॉर्टन बार्ड या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या १८ पोलिसांना कौटुंबिक भांडणे हाताळण्याचे खास शिक्षण दिले. हेतू चांगला होता, पण त्यातून देशभर जी पद्धत रुजली तिचा भर समेटावर राहिला. मार खाणारी आणि मारणारा यांच्यात समेट कसला करायचा, हा प्रश्न मागेच पडला.

तो प्रश्न कनेटिकटमधल्या टॉरिंग्टन गावी रक्ताने लिहिला गेला. ट्रेसी थर्मन हिने वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याविरुद्ध १९८२ पासून वारंवार तक्रारी केल्या होत्या. १० जून १९८३ रोजी तो दाराशी आला. तिने पोलिसांना फोन केला. पोलिस येईपर्यंत सुमारे २५ मिनिटे गेली. तोवर त्याने तिला भोसकले होते. पोलिस समोर असताना त्याने तिच्या डोक्यावर लाथ मारली, आणि तरीही त्याला लगेच बेड्या पडल्या नाहीत. ती वाचली, पण शरीर अंशतः लुळे पडले. तिने गावावर फेडरल कोर्टात दावा लावला. १९८४ साली कोर्टाने सांगितले की मारणारा नवरा आहे एवढ्यावरून पोलिसांना हात बांधून उभे राहता येणार नाही. अनोळखी माणसाने मारल्यावर जे संरक्षण मिळते, तेच बायकोलाही मिळाले पाहिजे. १९८५ साली जूरीने २३ लाख डॉलर भरपाई ठरवली, शेवटी तडजोड १९ लाखांवर झाली. पुढच्याच वर्षी कनेटिकटने अटकेचा कायदा केला. ऑरेगनने तो १९७७ सालीच केला होता. पण आता गावोगावच्या पालिकांना तिजोरीची धास्ती वाटू लागली.

त्याच सुमारास मिनियापोलिसचा प्रयोग पुढे आला. १९८१-८२ साली ३१४ प्रकरणांत अटक, समजूत, किंवा एकाला आठ तास घराबाहेर पाठवणे यांपैकी काय करायचे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे आधीच ठरलेले असे. सहा महिन्यांत पोलिसांच्या नोंदीनुसार अटक झालेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा हात उचलला, समजूत घातलेल्यांपैकी १९ टक्क्यांनी, बाहेर पाठवलेल्यांपैकी २४ टक्क्यांनी. आकडे सुबक होते आणि अटकेची लाट आली. मात्र हाच प्रयोग इतर शहरांत केला, तेव्हा उत्तर तसेच येईना. मिलवॉकीत नोकरी असलेले पुरुष अटकेला बिचकले. बेकार मात्र अधिक पिसाळले. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ओळखतो. एका मशीनवर चालले म्हणजे सगळीकडे चालेल असे नव्हे.

नियम असूनही घात कसा होतो, ते १२ ऑगस्ट २०२१ रोजी युटाहमधल्या मोॲब गावी दिसले. एक पुरुष बाईला भररस्त्यात मारतो आहे, असा फोन आला. पोलिसांनी गाडी अडवली. गॅबी पेटिटो रडत स्वतःलाच दोष देत होती. तो मात्र शांत होता आणि त्याच्या अंगावर ओरखडे होते. पोलिसांनी तिलाच आक्रमक ठरवले. कायद्याने अटक किंवा समन्स आवश्यक असताना दोघांना रात्रीपुरते वेगळे करून सोडून दिले. १९ सप्टेंबरला तिचा मृतदेह वायोमिंगच्या जंगलात सापडला. पुढे झालेल्या चौकशीत पोलिसांच्या चुका नोंदवल्या गेल्या. इथे पोलिस वेळेवर आले, आपुलकीने बोलले. पण जो नीट बोलतो त्याचे खरे वाटते, हा सापळा त्यांना दिसला नाही.

आपल्या घरांना हा सापळा जास्त जवळचा आहे. नवरा दहा वर्षे इथे नोकरी करतो, इंग्रजी सफाईदार. बायको नुकतीच आलेली, घाबरली की मराठीच तोंडी येते, आणि तिचा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला. पोलिस दारात आले, तर हकिगत कोणाची ऐकली जाईल? १९९४ च्या कायद्याने नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकाच्या छळ झालेल्या जोडीदाराला स्वतः अर्ज करण्याची वाट दिली. एच-४ वर आलेलीला ती वाट नाही. २००० साली गुन्ह्याच्या बळींसाठी यू व्हिसा आला, पण त्यासाठी पोलिस किंवा सरकारी वकिलासारख्या यंत्रणेचा दाखला लागतो. म्हणजे त्या रात्रीच्या अहवालात काय लिहिले जाते, यावर तिचे इथले राहणेसुद्धा अवलंबून असू शकते. न्यूजर्सीत १९८५ साली 'मानवी' ही संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठी उभी राहिली, ती उगीच नव्हे.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ९११ ला फोन कराल, तेव्हा 'नवराबायको भांडतायत' असे सांगू नका. कोणी कोणाला काय केले, जे दिसले तेवढेच सांगा. आणि पोलिस आल्यावर बायकोचे बोलणे नवऱ्याने भाषांतर करून सांगू नये. दुभाषा मागता येतो. शेजारी असाल, तर तिच्यासाठी तो तुम्ही मागा.