पात्रमृत्यू (भूमिकाखेळांतील)

टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल व फासे यांच्या साहाय्याने आणि मुख्यतः संभाषणाच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे भूमिकाखेळात, खेळाडूने स्वतः निर्माण केलेले पात्र कथानकाच्या ओघात मरण पावणे, या घटनेस पात्रमृत्यू म्हणतात. डंजन मास्टर, अर्थात सूत्रधार, जी राजे, राक्षस, पहारेकरी यांसारखी अन्य पात्रे वागवितो, त्यांचे मरण या संज्ञेत येत नाही. सारीपाटावर मेलेली सोंगटी पुन्हा घरातून निघते आणि संजीवनी कबड्डीत बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच उठून मैदानात येतो. भूमिकाखेळातील पात्राला मात्र नाव, कुळ, वैर, ऋण आणि अपुरे राहिलेले संकल्प असतात, आणि महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, त्याच्या मुखाने बोललेल्या खेळाडूस त्याच्या मृत्यूने होणारे दुःख खरे असते.

या खेळांचे मूळ युद्धखेळांत आहे. गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या १९७१ मधील ‘चेनमेल’ या नियमपुस्तिकेत सामान्य सैनिक एका आघाताने पटावरून उठत असे, आणि सबंध फौज हाकणाऱ्या सेनापतीस त्याची क्षिती बाळगण्याचे कारणही नव्हते. मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन यांनी आपल्या ‘ब्लॅकमूर’ या मोहिमेत खेळाडूच्या हाती फौजेऐवजी एकच वीर सोपविला, तेव्हा हा हिशेब पालटला. राक्षस एका घावात मेला तर खेळाडूंची हरकत नव्हती, पण आपला वीर एका घावात मरावा हे त्यांस मान्य होईना, अशी कैफियत आर्नेसन यांनी पुढे स्वतःच दिली आहे. यावर तोड म्हणून त्यांनी अमेरिकी यादवी युद्धाच्या नौकाखेळातून, जहाज किती मारा सोसून बुडेल हे मोजण्याची रीत उचलली, आणि तिच्यातूनच ‘हिट पॉइंट’ हा प्राणबळाचा आकडा आला. म्हणजे या खेळांतील आयुष्याचे मापच मुळी मृत्यूविषयीच्या तक्रारीतून जन्मले, ही गोष्ट अभ्यासकाने विसरू नये.

१९७४ साली गायगॅक्स व आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला, त्यात हा आकडा शून्यावर आला की पात्र मेले, असा सरळ हुकूम होता. १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथात शून्यावर पोहोचलेले पात्र बेशुद्ध पडून दर फेरीस एकेक अंक गमावीत वजा दहावर मरेल अशी सवलत आली, आणि त्या अवधीत सोबत्यांनी धावून जाऊन त्याला वाचविणे हा एक स्वतंत्र प्रसंगच निर्माण झाला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हा प्रसंग फाशाच्या स्वाधीन केला: कोसळलेल्या पात्राचा खेळाडू आपल्या प्रत्येक पाळीस वीस पैलूंचा फासा टाकतो, दहा वा अधिक पडल्यास यश व कमी पडल्यास अपयश नोंदवितो, आणि तीन यशांपूर्वी तीन अपयशे जमा झाली तर पात्र दगावते, वीस पडले तर ते तत्काळ शुद्धीवर येते, एक पडला तर दोन अपयशे धरली जातात. या फेकीच्या वेळी टेबलाभोवती जी शांतता पसरते, तिचा अनुभव घेतल्यावाचून हा खेळ का खेळतात हे कळणे कठीण.

मृत्यूची दुसरी, अधिक निर्दय परंपरा गायगॅक्स यांच्याच ‘टूम ऑफ हॉरर्स’ या साहसात दिसते. ते १९७५ साली ‘ओरिजिन्स’ संमेलनातील स्पर्धेसाठी मांडले गेले व १९७८ मध्ये छापले गेले. त्यातील भिंतीवरच्या हिरव्या सैतानी मुखात जो शिरेल तो नखशिखान्त नाहीसा होतो. तेथे हिट पॉइंटांची गणती होत नाही, परीक्षा केवळ खेळाडूच्या सावधपणाची होते.

मेलेल्यास उठविण्याची तजवीजही आरंभापासून आहे. पाचव्या आवृत्तीत पाचशे सुवर्णमुद्रांच्या किमतीचा हिरा खर्ची घालून दहा दिवसांच्या आत मृतास परत आणता येते, आणि अधिक मोलाच्या मंत्राने ही मुदत दोनशे वर्षांपर्यंत जाते. मृत्यू असा खजिन्यातील खर्चाचे एक कलम होऊन बसला की त्याचे गांभीर्य ओसरते. जुन्या नियमांत प्रत्येक पुनरुज्जीवनासाठी पात्राच्या शरीरबलाचा एक अंक कायमचा वजा होई, ही व्यवस्था माझ्या मते अधिक न्याय्य होती.

अन्य खेळांचे मृत्युविषयक नियम पाहिले म्हणजे, तो खेळ आयुष्य कशाला मानतो हेच त्यांतून उघड होते. मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये (१९७७) पात्राचे पूर्वायुष्य चार-चार वर्षांच्या नोकरीच्या मुदतींनी घडवितात, आणि फासा उलटा पडल्यास खेळ सुरू होण्यापूर्वीच पात्र मरते. ‘कॉल ऑफ क्थुलू’त (१९८१) देह शाबूत राहूनही बुद्धी नष्ट झालेले पात्र खेळाडूच्या हातून जाते, ‘पॅरानॉइया’त (१९८४) एकाच पात्राच्या सहा प्रती असल्याने मरण हास्यास्पद होते. ग्रेग स्टॅफर्ड यांचा ‘पेंड्रॅगन’ (१९८५) मला या सर्वांत श्रेष्ठ वाटतो: त्यात सरदार मरतो, त्याचा पुत्र वारस म्हणून जहागीर, कीर्ती व वैरे यांसह पुढे येतो, आणि तोच खेळाडू तीच कथा दुसऱ्या पिढीत चालवितो. ‘टेन कँडल्स’मध्ये (२०१५) दहा मेणबत्त्यांपैकी शेवटची विझली की सर्व पात्रांचा अंत होतो, आणि ही गोष्ट प्रत्येकास आधीच ठाऊक असते.

वादाचा खरा मुद्दा सूत्रधाराच्या पडद्याआड आहे. पात्र वाचावे म्हणून पडलेला आकडा गुपचूप बदलून सांगण्याची चाल अनेक टेबलांवर रूढ आहे, व ती बहुधा दयाबुद्धीनेच पाळली जाते. परंतु अशा दयेने वाचलेल्या पात्राचे पूर्वीचे सर्व पराक्रमही संशयास्पद ठरतात, कारण त्यांपैकी कोणता खेळाडूचा व कोणता सूत्रधाराच्या मेहेरबानीचा, हे सांगण्यास साक्षीदार उरत नाही. ज्यांना मृत्यूविरहित कथा हवी आहे त्यांनी ती उघडपणे ठरवून घ्यावी. त्यात उणेपणा कोणताच नाही. मात्र नव्याने खेळ मांडणाऱ्या सूत्रधाराने, मृत्यू कोणत्या नियमान्वये येईल व परतीची वाट आहे की नाही याचा निवाडा पहिला फासा पडण्यापूर्वीच सर्व खेळाडूंसमक्ष करावा, आणि पुढे फासे उघड्यावर टाकावेत.