डभोईचे रूळ आणि बैल

बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांचे नाव निघाले की लोकांना त्यांचे हिरे आठवतात. परंतु त्यांच्याच कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम असा सुमारे २० मैलांचा लोहमार्ग घातला गेला, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. रुंदी अवघी अडीच फूट. या मापाचा हिंदुस्थानातील हा पहिलाच मार्ग. आणि त्यावरच्या गाड्या ओढीत असत ते बैल!

यात हसण्यासारखे काही नव्हते. सुरतेकडून आलेला मोठा लोहमार्ग १८६१ च्या आरंभी बडोद्यास पोचला होता व मियागाम हे त्यावरचे ठाणे होते. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि कापसाचा भाव चढू लागला. डभोईकडची काळी जमीन कापसाला उत्तम, पण पावसाळ्यात गाडीवाटेची वैरीण. चाक आसापर्यंत रुतावयाचे. तोच बैल रुळावर मात्र कितीतरी अधिक ओझे सहज ओढतो.

बैलांसाठी रूळही बेताचेच घेतले होते, यार्डास १३ रत्तल वजनाचे. दोन्ही बाजूंचे रूळ धरले तर मैलाला सुमारे २० टन लोखंड लागले. यार्डामागे एकच रत्तल वाढविला असता, तर मैलाला दीड टनाहून अधिक भर पडती. आणि हा भार २० मैल वाहून न्यावयाचा. तेव्हा हलके रूळ ही चूक नव्हती, हिशेब होता.

चूक झाली ती पुढे. १८६३ साली ग्लासगोच्या नील्सन कंपनीची इंजिने आली, आणि हे रूळ त्यांच्या भाराला पुरे पडत नाहीत असे आढळले! वस्तू दोन्ही चांगल्या, परंतु एकीची मागणी करताना दुसरीचे माप विचारात घेतलेले नव्हते. रूळ, इंजिन, वाघिणी आणि वाहावयाचा माल यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो. साहित्य-पुरवठ्याच्या शास्त्रातील हा पहिला धडा बडोदे संस्थानाने रोख पैसे मोजून घेतला. तरी व्यवहार थांबला नाही, कारण बैल मोडीत काढलेले नव्हते. जुनी सोय नवी रुळेपर्यंत राखून ठेवावी, हे शहाणपण योजनेने आले की नाइलाजाने, हा प्रश्न निराळा.

मार्ग बळकट करून इंजिने नियमित धावू लागली ती १८७३ मध्ये, मल्हाररावांच्या अमदानीत. तोवर खंडेराव महाराज निवर्तले होते. मग मात्र विस्तार झपाट्याने झाला; १८७९ साली गाडी नर्मदाकाठच्या चांदोदपर्यंत गेली आणि डभोई हे अरुंद मार्गांचे मोठे जंक्शन बनले. डभोई-चांदोद मार्ग पुढे रुंद करण्यात आला व जानेवारी २०२१ मध्ये त्यावरून केवडियापर्यंत गाड्या जाऊ लागल्या.