आग विझल्यानंतर

१४ एप्रिल १९४४. वार शुक्रवार. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटके, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी! ज्यांच्या घरी कापूस पिकतो त्यांना सांगायला नको. गाठीत शिरलेली आग बाहेरून दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहते. दुपारी धूर दिसला. बंबवाले धावले, पाण्याचे लोट सोडले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या आगीत गेले.

आमची इतिहासाची पुस्तके इथे थांबतात. जहाजातल्या सोन्याच्या विटांचे मात्र सगळ्यांना मोठे कौतुक! मला विचाराल, तर खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. म्हणजे काल ज्याच्या खांद्याला खांदा लावून नळी धरली, तो आज नाही. आणि नळी तर धरायचीच आहे. बंबवाल्याचे बिऱ्हाड पुष्कळदा ठाण्याच्या आवारातच असते. घंटा वाजली, की ती बायकोमुलांच्याही कानी पडते. त्या दिवसानंतर ती घंटा त्या घरांत कशी ऐकू आली असेल? जे वाचले, त्यांच्या झोपेचे काय झाले? पुस्तकांत याला जागा मिळालेली नाही.

योगायोग असा, की त्याच १९४४ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात डॉ. एरिक लिंडेमान यांनी दुःखावर एक निबंध प्रसिद्ध केला. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी तिथल्या 'कोकोनट ग्रोव्ह' या करमणुकीच्या जागेला आग लागून ४९२ माणसे दगावली होती. जे वाचले आणि ज्यांची माणसे गेली, त्यांना डॉक्टरांनी तपासले. घसा दाटतो, उसासे येतात, अंगातले त्राण जाते. आणि 'आपण त्याला वाचवायला हवे होते' ही बोच सुटत नाही. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, जखम आहे, हे त्यातून दिसू लागले. पण आग विझवणाऱ्यांकडे लक्ष जायला आणखी बराच काळ गेला. १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आघातानंतरच्या या विकाराला आपल्या यादीत नाव दिले. १९८३ मध्ये जेफ्री मिचेल या गृहस्थांनी मोठ्या दुर्घटनेनंतर जवानांना एकत्र बसवून बोलते करण्याची रीत मांडली. ते स्वतः पूर्वी अग्निशमनाच्या कामात होते. रीत जगभर पसरली. पुढे तपासणी झाली, तेव्हा कळले की एकाच बैठकीत सगळे वदवून घेतल्याने तो विकार टळत नाही. काहींना उलट त्रासच होतो. जखमेवरची खपली कुणी ओढून काढतो का? म्हणून आता सल्ला असा, की आधी विश्रांती द्या, सोबत द्या, बोलायची सक्ती करू नका. पण झोप परत येईना, माणूस घरात चिडचिडा किंवा मुका झाला, दारूकडे वळला, तर डॉक्टरांकडे न्या. आणि हे आधी दिसते ते घरच्यांना. त्यांना कुणीतरी हे सांगून ठेवले पाहिजे.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठला बंब? खरे आहे. पण विहिरीत कुणी पडले, की ज्याला हाक मारतात असा एक पट्टीचा पोहणारा बहुतेक गावांत असतोच. तो बुडी मारतो, वर येतो, कधी जिवंत माणूस घेऊन, कधी नुसता देह. पंचनामा होतो, लोक पांगतात. तो ओल्या कपड्यांनी घरी जातो. शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे, दोनचार दिवसांनी त्याच्या दारात जाऊन बसा. विहिरीचे काढू नका, पाऊसपाण्याचे बोला. घरातल्या बाईला विचारा, हा जेवतो का, झोपतो का. नाही म्हणाली, तर १४४१६ हा क्रमांक तिला लिहून द्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने सुरू केलेली 'टेलि-मानस' सेवा ती हीच. मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

दर वर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, त्या ६६ जणांच्या स्मरणार्थ. भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे. तिथे मानवंदना होते, आणि मग पुढची घंटा वाजेपर्यंत जवान आपापल्या कामाला लागतात.