तोंडातला ओबोल

मृताच्या तोंडात नाणं ठेवायचं, म्हणजे कॅरॉन नावाडी त्याला पाताळातली नदी पार करून देतो. ग्रीकांची ही चाल होमरइतकी जुनी असेल असं वाटतं, पण होमरला ती ठाऊकच नाही. ‘इलियड’मध्ये मारल्या गेलेल्या पॅट्रोक्लसचा आत्मा नदीपलीकडे जाता यावं म्हणून मित्र अकिलिसकडे फक्त अग्निसंस्कार मागतो. तिथे नावाडी नाही, मग भाडं कुठलं? शिवाय ग्रीक शहरं नाणी पाडू लागली ती होमरनंतर, इ.स.पू. सहाव्या शतकात.

भाड्याचं नाणं म्हणजे ओबोल. ओबेलोस म्हणजे मांस भाजायची लोखंडी सळई. अशा सहा सळया मुठीत मावायच्या, म्हणून सहा ओबोलांचा एक द्राख्मा, म्हणजे मूठभर. सळई गेली, नाव उरलं. अथेन्सचा चांदीचा ओबोल जेमतेम पाऊण ग्रॅमचा.

एवढंसं नाणं ठेवायचं कुठे? ग्रीक माणसाच्या कपड्याला खिसा नव्हता. बाजारात तो सुटे पैसे सरळ गालात धरायचा. ॲरिस्टोफेनीसच्या ‘वॅस्प्स’ या नाटकात म्हातारा पंच दिवसाचे तीन ओबोल तोंडातून घरी आणतो आणि लाडकी लेक पापा घेता घेता ते जिभेने काढून घेते. प्रेताच्या तोंडात नाणं गेलं ते याच सवयीतून, असं मानायला भरपूर जागा आहे. जिवंतपणी जिथे पैसे, तिथेच मेल्यावर.

भाडंही ठरलेलं नव्हतं. ॲरिस्टोफेनीसच्याच इ.स.पू. ४०५ मधल्या ‘फ्रॉग्ज’मध्ये कॅरॉन दोन ओबोल घेतो. रोमन लेखक अपुलेयसच्या कथेतली सायकी तोंडात दोन नाणी धरून पाताळात निघते, कारण तिला परत यायचं असतं! उत्खननांत मात्र बहुतेक ग्रीक कबरींत नाणं सापडतच नाही. सापडतं तेव्हाही कधी तोंडात, कधी हातात, तर कधी नुसतंच शेजारी.

इ.स. दुसऱ्या शतकात लेखक लुशियनने या चालीची यथेच्छ टर उडवली. पाताळात कुठलं चलन चालतं याची कुणी चौकशी केली आहे का, असं तो विचारतो. त्यापेक्षा भाडं देऊच नका, नावाडी माणसाला परत तरी पाठवेल.

हर्मिओनी गावच्या लोकांना ही चिंताच नव्हती. त्यांच्या गावातून पाताळात जायला जवळचा रस्ता होता म्हणे, त्यामुळे ते मृताला भाडं देत नसत, अशी नोंद भूगोलकार स्ट्रेबोने केली आहे.